तुकूम : तळी, डोह आणि पाण्याखालचे रान

चंद्रपूर शहरात तुकूम नावाचा मोठा भाग आहे. तिथे राहणाऱ्या बहुतेकांच्या लेखी तो पत्त्यातला एक शब्द, इतकेच. पण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या महसुली नोंदी चाळल्या, तर गावांच्या नावांना चिकटलेली काही शेपटे पुन्हा पुन्हा भेटतात : चक, माल, रीठ आणि तुकूम. रीठ म्हणजे ओसाड पडलेले गाव. तुकूम म्हणजे तलाव बांधण्याच्या किंवा रान लागवडीखाली आणण्याच्या बदल्यात मिळालेली जमीन. राज्य गेले, राजे गेले, मालगुजार गेले. कराराची पावती मात्र गावाच्या नावात अडकून राहिली.

आजचा धागा या करारातून उभ्या राहिलेल्या पाण्याविषयी आहे. तलाव कोणी बांधले, हा इतिहास अधूनमधून सांगितला जातो. त्या पाण्यात काय जगत होते, ते कशामुळे गेले, आणि माती, मुळे, दगड यांच्या साह्याने ते परत आणण्याचा प्रयत्न कोण करत आहे, हा भाग सहसा राहून जातो.

सुरुवात एका कोरड्या नदीपासून करावी लागेल.

चंद्रपूरच्या स्थापनेची दंतकथा अनेकांनी ऐकली असेल. पंधराव्या शतकात गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा बल्लारपूरहून राज्य करत होता. त्याच्या अंगावर गाठी होत्या आणि कोणत्याही औषधाला त्या दाद देत नव्हत्या. एकदा शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या पात्रात उतरला. पात्र कोरडे होते. एका खळग्यात तेवढे पाणी झिरपत होते. ते प्यायला, त्याच पाण्याने तोंड-हातपाय धुतले. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली आणि सकाळी राणीने पाहिले, तर गाठी नाहीशा झालेल्या. खळग्यावरचे गवत आणि वाळू दूर केल्यावर खडकात गाईच्या पावलांसारखे पाच ठसे दिसले, पाण्याने भरलेले. तिथे अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले. पुढे ससा कुत्र्याच्या मागे लागल्याचे आश्चर्य राजाने पाहिले आणि त्या धावेच्या वर्तुळावर शहराचा कोट आखला गेला. १८६० च्या दशकात चांदा जिल्ह्याची जमाबंदी करणारा इंग्रज अधिकारी मेजर ल्युसी स्मिथ याने ही परंपरा आपल्या अहवालात नोंदवून ठेवली आहे.

कथेतल्या सशाकडे सगळ्यांचे लक्ष जाते. खळग्याकडे जात नाही. राजधानीची जागा ठरवणारी नदी या कथेत वाहत नाही, ती साठून राहते. ही कल्पना याच प्रदेशात सुचू शकते. इथे पाऊस भरपूर पडतो, कोकणाखालोखाल म्हणावे असा. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वैनगंगा, इरई, अंधारी, कठाणी, गाढवी या नद्या श्रावणात काठ सोडतात आणि वैशाखात वाळूचे पट्टे होतात. मग नदी जिवंत राहते ती डोहांत.

डोह म्हणजे नदीतला नुसता खोल खड्डा नव्हे. नदी वळण घेते तिथे बाहेरचा काठ पाण्याच्या धारेने खणला जातो आणि आतल्या काठावर वाळू साचते. खडकाचा आडवा पट्टा आला की त्याच्या खाली पाणी आपटून खळगा पडतो. काठावरचा करंज, जांभूळ किंवा अर्जुन पात्रात कलतो, त्याची मुळे उघडी पडतात, एखादे खोड पुरात आडवे होते आणि त्याच्या पाठीमागे पाणी गोल फिरून तळ कोरते. खोल डोह, त्यापुढे गोट्यांवरून खळाळणारा उथळ पट्टा, पुन्हा डोह : नदीची चाल अशी असते. उथळ पट्ट्यात पाण्यात हवा मिसळते, दगडांखाली किड्यांच्या अळ्या वाढतात. डोहात उन्हाळा काढता येतो. मुळांच्या जाळीत पिल्ले लपतात. पहिल्या पुराबरोबर मासे डोहातून निघून वर चढतात, नाल्यांतून, ओहोळांतून, धानाच्या बांध्यांतून आणि तलावांच्या सांडव्यांतून. चढणीचे मासे हा शब्द महाराष्ट्रभर आहे; पूर्व विदर्भात चढण अनेकदा तळ्यापाशी संपते. तिथल्या कोमट, उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात अंडी टाकली जातात.

म्हणून नदी आणि तलाव ही या प्रदेशात दोन घरे नाहीत. एकाच घराच्या त्या दोन खोल्या आहेत. एक खोली निसर्गाने बांधली, दुसरी माणसांनी.

दुसऱ्या खोलीचा इतिहास हीरशहाच्या नावाशी जोडला जातो. खांडक्या बल्लाळशहानंतर चांद्याच्या गादीवर आलेल्या या राजाने अशी द्वाही फिरवली, असे परंपरा सांगते : जो रान साफ करून गाव वसवील त्याला ते गाव मिळेल, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजणारी जमीन मिळेल. युरोपातले राजे मोहिमांसाठी कर्जे काढत होते त्या काळात हा राजा पडीक उतारांवर जणू हुंडी लिहून देत होता. पैसा खजिन्यातून जात नव्हता. तलाव फुटला किंवा कोरडा राहिला, तर तोटा बांधणाऱ्याचा. या योजनेतली हुशारी तिथेच आहे.

तलाव बांधण्यात ज्यांचे नाव झाले ते कोहळी. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात, काशीची यात्रा करून परतणाऱ्या एका चांद्याच्या गोंड राजाने कोहळ्यांना सोबत आणले, अशी त्यांची आख्यायिका दिली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, वैनगंगेच्या खोऱ्यात उतार ओळखण्याची त्यांची दृष्टी सगळ्यांनी मान्य केली होती. आजच्या गोंदिया जिल्ह्यातला नवेगाव बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने बांधल्याचे सांगतात. डोंगरांच्या वेढ्यातल्या मोजक्या खिंडी मातीच्या पाळींनी बंद केल्या आणि मधला दरीचा तळ तलाव झाला.

अशा तलावाची रचना साधी दिसते. एका बाजूला मातीची पाळ, पाण्याच्या अंगाला दगड. उरलेल्या तीन बाजूंना मोकळा उतार. जास्तीचे पाणी सांडव्यावरून खालच्या नाल्यात. शेताला पाणी देण्यासाठी पाळीत तुडूम. तुडुमाला वेगवेगळ्या उंचीवर भोके असतात. तळे भरलेले असताना वरचे उघडायचे, पातळी उतरेल तसे खालचे. म्हणजे नेहमी वरच्या थरातले, उन्हाने तापलेले पाणी धानाला जाते आणि तळाचा गाळ ढवळला जात नाही. वरच्या तलावाचा सांडवा बहुधा खालच्या तलावात किंवा बोडीत उतरे, तिथून पुढच्यात, आणि शेवटी वैनगंगेच्या एखाद्या उपनदीत. साखळीच ती. सिमेंटचा कण नाही, लोखंड नाही.

यातला एक गुण बांधणाऱ्यांनी योजलेला नव्हता, तरी पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. पाळ एकाच बाजूला असल्याने तळ्याची खोली पाळीपाशी जास्त आणि समोरच्या काठाकडे हळूहळू कमी होत जाते. या मंद उतारावर वनस्पतींचे पट्टे बसतात. खोल पाण्यात पूर्ण बुडालेल्या हायड्रिला, सेराटोफायलम, वॅलिसनेरिया. त्यांच्या अलीकडे पानांच्या थाळ्या तरंगवणारी कुमुदे आणि निम्फॉइडिस. काठालगत, अर्ध्या पाण्यात अर्ध्या हवेत, एलिओकॅरिससारखी लव्हाळी, जिचे कंद सारस पक्षी उकरून खातात. कोण कुठे अंडी घालणार, कोण कुठे लपणार, हे या पट्ट्यांवर ठरते. मरळ वनस्पतींच्या दाटीत घरटे करून पिल्ले राखतो; शिंगी आणि मांगूर गाळात शिरतात. धीवरांनी हे पट्टे नावानिशी ओळखले होते. त्यांची जाळी, सापळे आणि गळ पट्ट्यांप्रमाणे बदलत. शिंगाड्याची लागवडही त्यांचीच.

इथे थोडे सावध व्हायला हवे, कारण गोंडकालीन तलाव म्हटले की सुवर्णयुगाचे चित्र फार लवकर रंगते. पाण्याच्या वाटपात जमीनदार आधी आणि कूळ नंतर. पाळीवर माती टाकणारे हात ज्यांचे, पिकाचा मोठा वाटा त्यांचा नव्हता. धीवराला तळ्यात जाळे टाकायचे, तर मालगुजाराची मर्जी राखावी लागे. तळे सर्वांचे होते, असे म्हणणे खोटे ठरेल. तळे कोणाचे तरी होते, आणि म्हणून त्याची पाळ फुटली तर कोणाची तरी झोप उडत होती, एवढेच म्हणता येते.

पुढचा राजकीय इतिहास भराभर. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरच्या भोसल्यांकडे गेले. १८५४ पर्यंत नागपूर इंग्रजांकडे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्या दशकातल्या जमाबंदीत गावचे पाटील-मालगुजार हे गावाचे मालक म्हणून कायम झाले. गावाबरोबर तलावही त्यांचे. इंग्रजी राजवटीने स्वतः बांधलेले मोठे तलाव वेगळे : नागभीडजवळचा घोडाझरी, सावली भागातला असोलामेंढा.

मग १९५० चा कायदा. त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी रद्द केली आणि १९५१ पासून अंमल सुरू झाला. मध्यस्थांचे हक्क संपले, कुळांना श्वास मिळाला. ते व्हायलाच हवे होते. तलाव मात्र सरकारजमा झाले आणि त्यांना कागदोपत्री नवे नाव मिळाले : माजी मालगुजारी तलाव. लोकांनी त्याचे संक्षिप्त रूप केले, मामा तलाव. पूर्व विदर्भात असे तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. एवढे मामा असलेला प्रदेश दुसरा सापडणार नाही. पण मामाकडे लक्ष देणारा भाचा कोण, हा प्रश्न तेव्हापासून आजवर तसाच आहे.

कारण तलाव एका मालकाकडून एका मालकाकडे गेला नाही. तो वाटला गेला. सिंचन शंभर हेक्टरच्या आत असेल तर जिल्हा परिषद, जास्त असेल तर राज्य शासन. मासे मत्स्य विभागाच्या अखत्यारीत, ठेका सहकारी संस्थेकडे. काठची जमीन महसूल खात्याची. वर पाणलोटात जंगल असेल तर वन विभाग. पाणी, मासे, माती आणि झाड या एकाच वस्तूच्या चार फायली झाल्या. पाळीची दुरुस्ती एका फायलीत बसते. गाळ काढणे दुसरीत बसवता येते. पाण्याखालची वनस्पती कोणत्याच फायलीत नव्हती, म्हणून ती गेली तेव्हा कोणत्याच कार्यालयात तिची नोंद झाली नाही.

ती गेली अनेक वाटांनी. पहिली वाट बेशरम. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही जांभळट फुलांची झुडपी वनस्पती कुंपणासाठी आणि बांध धरून ठेवण्यासाठी लावली गेली. तिला जनावरे तोंड लावत नाहीत, तोडलेली फांदी ओल्या मातीत पडली की तिथे रुजते. नावातच लोकांचा अनुभव आहे. काठाचा उथळ पट्टा, म्हणजे तळ्याचा सर्वांत सुपीक भाग, तिने व्यापला. दुसरी वाट अतिक्रमण : उतरत्या पाण्यामागे काठाची जमीन धानाखाली जात राहिली. तिसरी वाट माशांची, आणि ती सर्वांत विचित्र, कारण ती विकासाच्या नावाने आली. उत्पादन वाढावे म्हणून रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले गेले. सोबत परदेशी सायप्रिनस आणि गवत्या मासा. सायप्रिनस तळ उकरतो. गवत्या मासा वनस्पती खातो, ते तर त्याच्या नावातच आहे. ज्या गवतात स्थानिक मासा अंडी घालत होता, ते नव्या माशाचे खाद्य झाले. बीज दर वर्षी विकत आणावे लागू लागले, कारण हे मोठे कार्प साचलेल्या तळ्यात सहसा प्रजनन करत नाहीत. ज्या तळ्याला पूर्वी बीज नदीतून चढून फुकट मिळत होते, त्याचा आता बिजाचा खर्च सुरू झाला. ठेक्याच्या वहीत उत्पादन किलोत लिहिले जाते. तळ्यात किती जातींचे मासे होते, यासाठी वहीत रकाना नाही.

धीवर कुटुंबांना फरक जेवणात कळला. स्थानिक लहान मासा बाजारात फारसा जात नसे. तो घरी शिजे. बायकांना काठावर हातजाळ्याने रोजचे कालवण मिळत होते. ठेक्याच्या मोठ्या माशावर हक्क संस्थेचा, सभासद बहुतेक पुरुष, आणि विक्रीची रक्कम हंगामात एकदा. काठावरची बाई हिशेबातून बाहेर पडली.

आता परत आणण्याची गोष्ट. ती चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, त्याच तलाव-प्रदेशातल्या भंडारा-गोंदिया भागात घडली, म्हणून थोडे उत्तरेला जावे लागेल. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर हे मूळचे पक्षी निरीक्षणातून या विषयाकडे आले. तळ्यांवरचे पक्षी कमी का होत आहेत, याचा माग काढताना ते धीवरांपर्यंत पोचले. कोणत्या तळ्यात पूर्वी काय होते, हे कोणत्याही खात्याला सांगता येत नव्हते. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या जाणत्या मासेमारांना येत होते. माशांच्या जाती, वनस्पतींची स्थानिक नावे, कोणता मासा कोणत्या वनस्पतीपाशी सापडतो, असे सगळे त्यांच्याकडून लिहून घेतले गेले. त्या नोंदींतून एक गोष्ट उघड झाली. मासे घटलेल्या तळ्यांत आधी वनस्पती घटल्या होत्या.

उपाय याच माहितीतून निघाला आणि तो ऐकायला अगदी शेतकी वाटतो. उन्हाळ्यात तळे आटते तेव्हा काठाची बेशरम मुळासकट उपटायची. कापून उपयोग नाही. उपटून, दूर नेऊन, वाळवून टाकायची. मग तळ्याच्या तळाचा काही भाग चक्क नांगरायचा, कारण वर्षानुवर्षे तुडवला जाऊन तळ घट्ट झालेला असतो आणि कोवळे मूळ त्यात शिरत नाही. पावसाला सुरुवात झाली की ज्या तळ्यात स्थानिक वनस्पती अजून टिकून आहेत तिथून त्या आणायच्या आणि खोलीप्रमाणे लावायच्या : बुडणाऱ्या खोलगट भागात, तरंगणाऱ्या मध्ये, लव्हाळी काठाला. एखादा कोपरा मासेमारीसाठी बंद ठेवायचा. गवत्या मासा आणि सायप्रिनस सोडायचे नाहीत, असे संस्थेने ठरवायचे. हा शेवटचा भाग सगळ्यांत अवघड, कारण तो मातीशी नाही तर ठेक्याशी भांडतो.

तळ्याखाली शेती करावी तसे हे काम आहे, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा राहिला. बेशरम उपटणे, रोपे आणणे, चिखलात उभे राहून लावणे, हे धान रोवणाऱ्या हातांना नवीन नव्हते. एकामागून एक तळी घेतली गेली. लावलेल्या तळ्यांत स्थानिक मासे पुन्हा दिसू लागले, पाणपक्षी उतरू लागले. एक नाव यात महत्त्वाचे आहे, ते सारसाचे. महाराष्ट्रात हा पक्षी आता गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर एवढ्यापुरता उरला आहे, तोही हाताच्या बोटांवर नाही तरी बोटांच्या काही पेरांवर मोजता येईल इतका.

नदीचे काय? तिथे गोष्ट अजून उलट्या दिशेने चालू आहे.

डिसेंबर २०१४ मध्ये महाराष्ट्रात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले आणि नाला खोलीकरण, रुंदीकरण हे शब्द गावोगाव पोचले. अनेक ठिकाणी पाणी थांबले, विहिरींना लाभ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण जेसीबीने केलेल्या नाल्याचा छेद पाहिला, तर तो सर्वत्र सारखा असतो : सपाट तळ, सरळ उभे काठ, काठावर माती-मुरुमाचा ढीग. डोह नाही, उथळ पट्टा नाही, मुळे नाहीत. वाकडा नाला सरळ झालेला. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी या पद्धतीला उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा चर्चा प्रामुख्याने भूजल आणि पाणलोटाच्या शास्त्राची झाली. माशांच्या बाजूने कोणी वकील उभा नव्हता.

सरळ नाल्याचा परिणाम काय होतो, याचा मोठा दाखला दुसऱ्या खंडात आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात किसिमी नावाची नदी दीडशे किलोमीटरहून अधिक वळणे घेत वाहत होती. पूर आवरण्यासाठी १९६२ ते १९७१ या काळात अभियंत्यांनी ती सुमारे नव्वद किलोमीटरच्या सरळ कालव्यात बसवली. पूर आवरले. पाणपक्षी आणि मासे गेले, काठची दलदल सुकली. मग १९९९ मध्ये कालव्याचा मधला भाग पुन्हा मातीने बुजवून नदीला तिच्या जुन्या वळणांत सोडण्याचे काम सुरू झाले. ते २०२१ मध्ये संपले. सरळ करायला नऊ वर्षे लागली, वाकडी करायला बावीस. खर्चाचे प्रमाणही याच जातीचे होते. आता युरोप-अमेरिकेत नदी दुरुस्त करणारे लोक पात्रात मुळांसकट ओंडके आडवे रोवतात, गोट्यांचे पट्टे घालतात, जेणेकरून प्रवाहाने स्वतः डोह कोरावा. इरईच्या काठचा एखादा कललेला करंज हे काम शतकानुशतके कोणत्याही निविदेविना करत आला आहे. पात्र साफ करण्याच्या मोहिमेत सर्वांत आधी तोच जातो, ही त्यातली गंमत. किंवा गंमत नव्हे.

इरईवर आणखी भार आहे. वरच्या अंगाला धरण, ज्याचे पाणी चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राला जाते. खाली काठालगत कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर. शहराच्या आत गोंडकालीन रामाळा तलाव सांडपाणी आणि जलपर्णीने भरला; २०२१ च्या सुरुवातीला त्याच्या संवर्धनासाठी इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी अन्नत्याग सत्याग्रह केला, तेव्हा प्रशासन हलले. तिथली मागणी मुख्यतः गाळ काढण्याची आणि सांडपाणी थांबवण्याची होती, आणि शहरी तळ्यात पहिली पायरी तीच असते. सांडपाण्यात कुमुद लावून काही होत नाही.

गडचिरोलीकडे पाहिले तर चित्र वेगळे. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा अजून बहुतांश जंगलाखाली आहे. पाणलोट शाबूत असेल तर नाल्यात गाळ कमी येतो आणि डोह टिकतात. नदी दुरुस्त करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे वरचे जंगल राखणे. शिवाय इथे एक कायदेशीर धागा हाती आहे. २००६ च्या वन हक्क कायद्याचे कलम ३(१)(ड) सामूहिक हक्कांमध्ये जलाशयांतील मासे आणि इतर उत्पादने यांचा स्पष्ट उल्लेख करते. धानोरा तालुक्यात, कठाणी नदीच्या बाजूला वसलेल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांत त्याचे नाव घेतले जाते. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. त्यांची चर्चा बांबू आणि तेंदूपत्त्याच्या लिलावांमुळे झाली, आणि पैसा तिथेच असल्याने ते समजण्यासारखे आहे. कलमातला मासा अजून फारसा कोणी बाहेर काढलेला नाही.

हीरशहाच्या द्वाहीशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. तुकूम एका माणसाला मिळत होते आणि त्या माणसाला पाळ राखावी लागे. १९५० नंतर हक्क सरकारकडे गेला, राखण्याचे कर्तव्य चार खात्यांत विरले. ग्रामसभेच्या हातात आता पुन्हा हक्क आणि राखण एकत्र येण्याची शक्यता आहे, आणि या वेळी त्यात कूळ, धीवर आणि काठावरची बाई यांना मत आहे. शक्यता एवढेच, अनेक ग्रामसभांत धीवर कुटुंबे थोडी असतात आणि तळ्याच्या प्रश्नावर धानाला पाणी हवे असणाऱ्यांची संख्या नेहमी जास्त भरते.

आणि एक अडचण कायद्याने सुटणारी नाही. वनस्पती परत लावायच्या तर त्या कुठून तरी आणाव्या लागतात. त्यासाठी जवळपास एक तरी तळे असे लागते, जिथे सगळे पट्टे अजून शाबूत आहेत. ते कोणते, हे नकाशात नसते. गावातल्या एखाद्या सत्तरीच्या मासेमाराला ठाऊक असते. अशा तळ्यांची यादी करणे हे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांना जमण्यासारखे आहे : महसुली नकाशावर तुकूम नावाची गावे शोधावी, तिथे जावे, तळे अजून आहे का ते पाहावे आणि पाण्यात काय उगवते ते धीवरांना विचारावे. पावसाळ्यानंतर, तळे भरलेले असताना जावे. उन्हाळ्यात बेशरमेशिवाय काही दिसत नाही.

झरपट नदीच्या काठी अचलेश्वराचे मंदिर अजून आहे. बाहेरच्या पात्रात वर्षाचा बराच काळ जलपर्णी पसरलेली असते.